फ्रेमवर्क नंतर, आधी मराठी आकडे
वरती एकाने विचारलंय की एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा), सीएसएसमध्ये (त्याची सजावट) वेळ न घालवता थेट रिअॅक्ट (जावास्क्रिप्ट भाषेवरचं तयार फ्रेमवर्क) शिकलं तर चालेल का. चालेल हो, पण एक किस्सा ऐका.

चोपड्याला (जळगाव जिल्ह्यात) काकांसाठी केळीच्या हिशोबाचं साधं पान केलं होतं. भाव टाका, क्विंटल टाका, रक्कम दिसते. माझ्या लॅपटॉपवर अगदी झकास. काकांनी मोबाईलवर मराठी कीबोर्डने १४५० आणि १२ टाकलं, तर रकमेच्या जागी 'एनएएन', म्हणजे 'हा अंकच नाही'. काका म्हणे, "हाई काय शे रे?"

पानामागचा हिशोब जावास्क्रिप्ट करते, आणि तिच्या 'नंबर'ला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) देवनागरी अंक अंक वाटतच नाहीत. गंमत म्हणजे 'टूलोकेलस्ट्रिंग'ला (आकडा हव्या त्या भाषेत लिहिणाऱ्या फंक्शनला) 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, असं दिलं की तीच भाषा १७४०० चं छान '१७,४००' करून दाखवते. म्हणजे लिहिता येतं, वाचता येत नाही! आणि पानावर दाखवलेली रक्कम पुन्हा उचलून गुणाकार केलात तरी तेच रडगाणं.

उपाय दोन ओळींचा. संगणकात प्रत्येक अक्षराला एक युनिकोड क्रमांक असतो; देवनागरी '०' चा २४०६, '९' चा २४१५. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, नेहमीचा अंक मिळतो. त्याआधी स्वल्पविराम काढून टाका. आणि मूळ रक्कम व्हेरिएबलमध्येच (कोडमधल्या नाव दिलेल्या जागेत) ठेवा, पानावरून वाचू नका.

रिअॅक्टमध्येही हीच भानगड होणार, कारण खाली जावास्क्रिप्टच आहे.

जाता जाता: सीएसएसमध्ये लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांत अडकतात. काकांची पुढची तक्रार तीच होती.