एक्सेलमधली यादी कोहात न्यायची आहे: कर्मचाऱ्यांना आधी काय शिकवावं?

दाखल_नोंदवही :
तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालय. माणसं तीन: ग्रंथपाल, लिपिक, शिपाई. १४ हजार पुस्तकांपैकी ९ हजारांची यादी एक्सेलमध्ये, बाकीची दाखल नोंदवहीतच. यादी जुन्या फॉन्टात होती, ती कन्व्हर्टरने युनिकोड केली. कोहा (ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारी संगणकप्रणाली) भाड्याच्या सर्व्हरवर बसवून मिळालंय. चाचणीला २०० नोंदी चढवल्या तर शीर्षकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. लिपिकाला एक्सेल येतं, मार्क (पुस्तकाच्या नोंदीचा ठरलेला साचा, ज्यात प्रत्येक माहितीला क्रमांक असतो) म्हणजे काय हे माहीत नाही. सुरुवात कुठून करावी?

मार्क_एकवीस :
प्रश्नचिन्हं कोहाने केलेली नाहीत. एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली मजकूर फाइल) सेव्ह केली की देवनागरी तिथेच मरते. 'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा आणि फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथेच प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, मूळ फाइलीकडे परत जा. डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए ओळीने दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकीचं निवडलंय.

पुढे मार्कएडिट (यादीच्या मार्क नोंदी करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं). त्यातल्या डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटरमध्ये रकाने जोडा: लेखक १०० ए, शीर्षक २४५ ए, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ०२० ए. प्रतीची माहिती ९५२ मध्ये: ए आणि बी म्हणजे शाखेचा कोड, पी बारकोड, वाय पुस्तकप्रकार, ओ वर्गांक. शाखा आणि प्रकाराचे कोड कोहात आधी तयार हवेत, आणि स्पेलिंगसकट तेच हवेत. नाहीतर नोंद चढते, प्रत चढत नाही. मग लोक 'पुस्तक दिसतंय पण देता येत नाही' म्हणून डोकं धरून बसतात.

एक्सेलची अजून दोन दुखणी. दाखल क्रमांकाच्या पुढची शून्यं उडतात आणि १३ आकडी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा होतो. दोन्ही रकाने नोंदी भरण्याआधीच 'टेक्स्ट' करा, नंतर करून उपयोग नाही.

पहिल्यांदा ५० नोंदी. कोहात 'स्टेज' (आयातीआधी फाइल तपासणीला चढवणं) करताना प्रतींची माहितीही तपासायला सांगा. गडबड झाली तर 'मॅनेज स्टेज्ड'मधून आयात मागे घेता येते. प्रती देवघेवीत गेल्यावर मात्र हा मार्ग अवघड होतो.

निर्गम_खिडकी :
वरचं सगळं बरोबर, पण ते एकाच माणसाने शिकायचं. तिघांना मार्क शिकवायला बसलात तर महिनाभरात कोणीच संगणकाला हात लावणार नाही.

शिपायाला आणि लिपिकाला आधी देवघेव. पन्नास पुस्तकं, दहा खोटे सभासद, आणि तीन कामं: देणं, घेणं, मुदत वाढवणं. आठवडाभर एवढंच. त्याआधी कॅलेंडरमध्ये साप्ताहिक सुट्टी आणि सण भरा, नाहीतर परतीची तारीख बंदच्या दिवशी पडते आणि दंड सभासदाच्या माथी.

स्कॅनरची एक गंमत लक्षात ठेवा. संगणकाच्या लेखी तो कीबोर्डच असतो. भाषा मराठीवर राहिली तर बारकोडचे आकडे देवनागरीत उमटतात किंवा भलतीच अक्षरं पडतात आणि 'प्रत सापडत नाही' येतं. लोक स्कॅनर बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवतात! खिडकीवर भाषा इंग्रजी, हा नियम चिठ्ठी लिहून चिकटवा.

लेबलंही सगळी आधी छापू नका. ६५ लेबलांच्या कागदावर १४ हजारांना २१६ कागद लागतात आणि निम्मी पुस्तकं वर्षभर कपाटातून हलतही नाहीत. नोंदवहीतली ५ हजार रोज ४० ने भरली तरी १२५ दिवसांचं काम. जे पुस्तक खिडकीवर येईल त्याला आधी नोंद आणि लेबल.

दाखल_नोंदवही :
यूटीएफ-८ ने जमलं, ५० नोंदी नीट आल्या. आता दुसरी अडचण. 'दुःख' शोधलं तर एकच पुस्तक येतं, यादीत चार आहेत.

शोधपेटी :
उरलेल्या तिघांत विसर्गाऐवजी कोलन असणार. दिसायला सारखं, संगणकाला दोन निराळे शब्द. कन्व्हर्टर आणि घाईतला टायपिस्ट दोघेही हे करतात. एक्सेलमध्येच बदला, पण सरसकट नको: शीर्षक आणि उपशीर्षकाच्या मध्येही कोलन असतो. अक्षराला चिकटलेला आणि पुढे जागा नसलेलाच कोलन विसर्गाने बदला.

तसंच 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो आणि 'ॲ' एकसंधही असतो, अ वर चंद्र देऊनही होतो. 'दऱ्या' शोधून सापडत नसेल तर तिथे बघा. एक पद्धत ठरवा आणि ती फक्त लिपिकालाच नव्हे, शोध घेणाऱ्यालाही सांगा. लेखकाचं नावही एकाच साच्यात: आडनाव, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येकानंतर टिंब आणि जागा.

याशिवाय झेब्रा (कोहाचं शोधयंत्र) देवनागरीसाठी आयसीयूवर (युनिकोड मजकूर हाताळणारी यंत्रणा) हवं. डिफॉल्ट डॉट आयडीएक्स या त्याच्या सेटिंगच्या फाइलीत 'चारमॅप'च्या ओळीऐवजी 'आयसीयूचेन'ची ओळ, मग पूर्ण इंडेक्स (शोधाची सूची) नव्याने बांधायचा. हे तुमच्या सर्व्हरवाल्याकडून करून घ्या.

निर्गम_खिडकी :
आणि त्याच्याकडून रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी जातोय ना, तेही विचारा. जातो म्हणाला तर एक फाइल मागून उघडून बघा.