अनुभव धागा: टॉमचा पियानो तुमच्या घरी कधी वाजला?

काल खालच्या मजल्यावरची मुलगी कीबोर्डवर संगीतकार फ्रांझ लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी (पियानोची एक रचना) वाजवत होती आणि मला थेट टॉमच आठवला! 'टॉम अँड जेरी'चं कार्टून 'द कॅट कॉन्सर्टो', १९४७, दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा. टॉम काळा कोट घालून ऐटीत वाजवायला बसतो आणि जेरी पियानोच्या आत, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर गाढ झोपलेला. आमचे आजोबा फक्त शास्त्रीय ऐकणारे, तेही पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "अरे, याची बोटं सुरांबरोबर पडतायत!" पाश्चात्त्य संगीत आमच्या घरात आलं ते असं. तुमच्याकडे?

*

उंदराचा सापळा!!! जेरी पियानोच्या पट्ट्यांच्या जागी ठेवतो तो. भाऊ दरवेळी "आता बोट गेलं" म्हणून ओरडायचा. कुकर लावलाय, नंतर येते.

*

मी तबला शिकवतो. विलंबित आणि द्रुत समजवायला मुलांना हेच दाखवतो. ऱ्हॅप्सडीतही आधी संथ लस्सान, मग वेगवान फ्रिश्का. टॉम बिचारा पायांनी वाजवतो पण लय सोडत नाही. मधेच जेरी हातोड्यांवर नाचून भलतीच अमेरिकन धून काढतो, तिथे वर्गात हमखास हशा. संगीत स्कॉट ब्रॅडलीचं, त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं याचं वाईट वाटतं.

*

लिस्टची ही रचना १८४७ ची, म्हणजे बरोबर शंभर वर्षं आधीची. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या बग्ज बनी या कार्टून सशानेही १९४६ मध्ये 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'मध्ये हीच वाजवली, त्यावरून वॉर्नर आणि टॉम-जेरीचा एमजीएम या दोन्ही स्टुडिओंत चोरीचे आरोप झाले. ऑस्कर मात्र टॉम-जेरीला.

*

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण यात कोणी बोलतच नाही ना! भाजी निवडता निवडता बघायची. शेवटी टॉम दमून कोसळतो आणि टाळ्या जेरीला, तेव्हा म्हणायची, "राबला तो, नाव याचं." गेल्या वर्षी गेली.

*

ताई, फार मनाला लागलं. काळजी घ्या.

*

जरा अवांतर: मुलगी सात वर्षांची, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालेल का?

*

सुरुवातीला चालेल. फक्त पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा येतो ना, ते दुकानात वाजवून बघा. आणि स्टँड घ्याच, मांडीवर ठेवून मनगट दुखतं.

*

आले. कुकर झाला. जेरी कात्रीने टॉमची बोटं कापायला बघतो ते कुणीच कसं लिहिलं नाही?