दीड टनी पिकअप: रिकामी असली की आदळते, भरली की डोलते. पाटे बदलू की शॉकअप?

गुळवाला_कळे

राम राम मंडळी. दिवाळीनंतर जुनी दीड टनी पिकअप घेतली. पुढं-मागं दोन्हीकडं पाटेच आहेत, म्हणजे एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. हंगामात गुऱ्हाळावरनं गूळ उचलून शाहू मार्केट यार्डात टाकायचा, एरवी भाजी, पेंड, मिळंल ते भाडं. अधनंमधनं करूळ घाट उतरून वैभववाडीकडंही जाणं होतं.

त्रास असा की रिकामी असली की कळे ते फुलेवाडी एवढ्यात मणके खिळखिळे होतात. साधा खड्डा आला तरी मागचा भाग उडतो, आणि वळणात असली तर बाजूला सरकतो. ओल्या रस्त्यावर तर हात घट्ट धरूनच बसावं लागतं. हायवेला साठच्या वर गेली की सरळ रस्त्यातही स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं, वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. गुळाचे तीस किलोचे पन्नास रवे (ढेपा) भरले की आदळणं थांबतं, पण मग डोलायला लागते. एका खड्ड्यानंतर वरखाली वरखाली चालूच.

जुना मालक कौतुकानं म्हणाला होता, मागं जादा पाटा टाकलाय, किती पण घाला. एका गॅरेजवाल्यानं चारी शॉकअप आणि पाट्यांचे सगळे सेट नवे टाका म्हणून सांगितलं. खर्च ऐकून गप घरी आलो.

याचा संबंध नसंल कदाचित, पण घाट उतरून थांबलं की पुढच्या चाकांना ब्रेकचा वास येतो आणि मागचा ड्रम नुसता कोमट असतो.

चंदगडी_ड्रायव्हर

रिकामी असताना मागं चार पोती वाळू टाक भावा. आम्ही तेच करतो. एकदम गप बसते गाडी.

पाटेमिस्त्री_शिरोली

वाळू नको. दोनशे किलो रोज फुकट ओढायचं, डिझेल काय चंदगडी घालणार आहे का? आणि घाटात ती पोती एका अंगाला गेली तर आहे त्यात भर.

शिरोलीकडं पाट्याचं काम करतो, वडलांपासनं. माझं म्हणणं एवढंच की तुझ्या गाडीला नवं सामान घालायच्या आधी घातलेलं काढावं लागणार. सुरुवात त्या जादा पाट्यापासनं कर.

पाटा किती कडक, ते जाडीवर ठरतं, आणि ते साध्या हिशोबानं वाढत नाही, जाडीच्या घनानं वाढतं. आठ मिलीच्या जागी नऊ मिलीचा घातला तर एका मिलीनं काय होतंय असं वाटतं, पण तो एकटा पाटा चाळीस टक्क्यांच्या वर कडक झालेला असतो. तुझ्यात तर वर एक जादा. रिकाम्या गाडीत एवढ्या कडक संचाला दाबायला मागं वजनच नाही, मग खड्ड्यात पाटा वाकायच्या ऐवजी अख्खी बॉडी उचलली जाते. चाक रस्त्यावर नसताना वळण आलं तर गाडी सरकणारच.

भरल्यावर डोलते तो शॉकअपचा प्रश्न. पाट्यानं वजन उचलायचं, शॉकअपनं त्याची उसळी दाबायची. पाटा कडक केला की उसळी पण जोराची येते, आणि मूळचा शॉकअप तेवढ्या जोराचा नसतो. त्यात तो दमलेला असंल तर विचारूच नको. पण चारी बदलायची घाई नको. खराब रस्त्यानं दहा-पंधरा किलोमीटर गाडी पळवून आण आणि लगेच प्रत्येक शॉकअपला हात लावून बघ, सायलेन्सरला चटका बसंल तेवढं जप. काम करणारा गरम लागतो. थंड लागला तो मेला, बाहेरनं तेल गळत नसलं तरी.

आता तू जाता जाता ब्रेकचं लिहिलंयस, मला विचारशील तर सगळ्यात आधी तिकडं बघायला पाहिजे. मागच्या हौसिंगच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या ॲक्सलच्या, वर चेसिसला एक लोड व्हॉल्व्ह असतो, त्याची काडी खाली हौसिंगला जोडलेली. माल भरला की बॉडी खाली बसते, काडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरली आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. जादा पाट्यानं बॉडी बसूच दिली नाही तर दीड टन माल असून त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. मग घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर. वास त्याचाच. ही काडी हातानं वाकवून "ॲडजस्ट" करणारे महाभाग पण आहेत, त्यांच्याकडं जाऊ नको.

पाटे खोलशील तेव्हा नुसता जादा काढून परत बांधू नको. गगनबावड्याकडचा पाऊस आणि चिखल पाट्यांच्या मधे जाऊन गंजतो, पाटे एकमेकांवर घसरत नाहीत, अख्खा संच एकच जाड पट्टी असल्यासारखा वागतो. तारेच्या ब्रशनं घासून ग्रॅफाइट ग्रीस लाव. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) वाकलाय का बघ, यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नवे घाल. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) रबर बुश बदललेस तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. जॅकवर लटकती असताना आवळले की रबर तिथंच पीळ घेऊन बसतं, गाडी कडक राहते आणि बुश लवकर फाटतो. निम्म्या गॅरेजात हेच चुकतं.

हवा किती ठेवतोस?

गुळवाला_कळे

आण्णा, मागं ८०. टायरवाला विचारतच नाही, सगळ्यांना तेवढीच मारतो.

तुम्ही सांगितलं तसं बघितलं. मागचा डावा शॉकअप गार, उजवा जेमतेम कोमट, पुढचे दोन्ही गरम. पाट्यात खालून दुसरा सरळ सरळ वेगळ्या जाडीचा आहे, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा दिसतोय. आणि शेजारी तसल्याच मॉडेलची गाडी उभी करून मोजलं तर रिकामी असताना माझी मागं दोन इंच उंच.

उद्यमनगर_टर्नर

त्या दोन इंचातच तुझं स्टेअरिंग आहे. व्हीलबेस तीन मीटरच्या आसपास धर. मागं पन्नास मिली उचललं की चेसिस जवळपास एक अंश पुढं झुकतं. पुढचा ॲक्सल पाट्यांनी चेसिसलाच बांधलेला, म्हणजे तो पण तेवढाच फिरला. अशा गाड्यांना कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटाचा मागं कल, मुळात दोन-चार अंशांचा, त्यातला एक तू घालवून बसलास. वळणानंतर चाक सरळ आणायचं काम कॅस्टरचं. अलाइनमेंटला गेलास तर तिथं नुसतं टो-इन (पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलीत ते) बघून पैसे घेतात. कॅस्टरचा आकडा मागून घे, पण पाटा काढल्यावर. आधी काढून घेतलास तर पैसे पाण्यात.

हवेचं म्हणशील तर दाराजवळच्या पट्टीवर रिकामी आणि भरलेली असे वेगळे आकडे असतात, ते वापर. ८० ही भरलेल्या गाडीची हवा. रिकाम्या गाडीत त्या हवेला टायर दगड होतो.

चंदगडी_ड्रायव्हर

पाटा काढला तर दोन टन कसं घालायचं मग?

पाटेमिस्त्री_शिरोली

घालायचं न्हाई. आरसीवर एकूण वजन छापलंय, काट्यावर जाऊन बघून ये. २०१९ पासनं ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. ते पण बाजूला ठेव, पाटा घालून फक्त पाटा वाढतो. हौसिंग, बेअरिंग, ब्रेक, टायर दीड टनाचेच राहतात.

गुळवाला_कळे

काम झालं. दोन्ही बाजूचा जादा पाटा काढला, बाकीचे घासून ग्रीस लावून बांधले, यू बोल्ट आणि बुश नवे. शॉकअप फक्त मागचे बदलले, जोडीनं. लोड व्हॉल्व्हची काडी गंजून जाम होती, ती मोकळी करून कंपनीच्या मापानं बसवून घेतली. गॅरेजवाल्यानं आधी सांगितलेल्या खर्चाच्या पाव पण लागला नाही.

रिकामी अजून आदळते, पण मागचा भाग आता सरकत नाही. भरून घाट उतरलो, वास नाही, मागचा ड्रम चांगला तापलेला. वळणानंतर स्टेअरिंग स्वतः परत येतंय. फक्त सरळ रस्त्याला जरा डावीकडं ओढते.

पाटेमिस्त्री_शिरोली

रिकामी थोडी आदळणारच, मालाची गाडी आहे ती.

ओढीचं बघायला आधी पुढची दोन टायर एकमेकांच्या जागी टाक. ओढ उजवीकडं गेली तर टायरचा दोष. तशीच राहिली तर पुढच्या पाट्याच्या पिनेपासनं हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूला टेपनं मोज, चाकं सरळ ठेवून. फरक निघाला तर पुढचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय, घेऊन ये. यू बोल्ट मात्र चार-पाचशे किलोमीटर झाले की परत एकदा आवळून घे, नवे बोल्ट बसतात तसे ढिले पडतात. आणि येताना रिकामी आण, गेल्या आठवड्यात एकानं पेंडीच्या पोत्यांसकट आणलेली.