फोन वाजला की छातीत धडधड होते. सेविका ताईंनो, तुमचंही असं होते काय?

वावरातली ताई (यवतमाळ जिल्हा):
१४ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. लेकरं, वजनकाटा, खिचडी, गृहभेटी, याचा मला कधी जाच झाला नाही. पण दिवाळीपासून कामाच्या ग्रुपचा मेसेज वाजला की धडधड सुरू होते. रात्री तीनला जाग येते न मग डोळा लागत नाही.

जुलै २०२५ पासून टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं देताना आईचा चेहरा फोनवर जुळवावा लागते. कापूस वेचणीच्या दिवसात बाया सकाळी सातलाच वावरात. परवा एकीच्या मागं मी पऱ्हाटीत गेली. तिनं डोक्याचा दुपट्टा सोडला, घाम पुसला, फोनसमोर उभी राह्यली. चक्र फिरत राह्यलं न रेंज गेली. तीनदा असंच. "बाई, माही मजुरी बुडते," म्हणे. किलोवर पैसे भेटतात तिला, खरंच होतं तिचं. संध्याकाळी ग्रुपवर मागं पडलेल्या केंद्रांची यादी आली, त्यात माह्या केंद्राचं नाव दुसरं. घास उतरला नाही.

सकाळी चार वर्षांच्या पोरानं पाणी सांडलं तर त्याच्यावर अशी खेकसली की ते दाराआड जाऊन बसलं. ते डोळ्यासमोरून जात नाही. हा आजार आहे का ताण?

निवृत्त पर्यवेक्षिका (वर्धा):
बाई, अशा याद्या मीही टाकल्या आहेत. वरून मला यायच्या, मी खाली ढकलायची. ती वाचून कोणाची झोप उडत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. चुकलंच माझं.
एक वही कर. तारीख, वेळ, कोणाचं वावर, रेंज होती का नाही. एकटीनं बोलू नको, बीटमधल्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या, सगळ्या सेविकांच्या सह्या घेऊन मासिक बैठकीत ठेव. बाया घरी येतात त्या वेळी, संध्याकाळी, रेंज असलेल्या जागी वाटप करायची परवानगी माग.

समुदाय आरोग्य अधिकारी (गडचिरोली):
ताई, आधी बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा. रक्त कमी असलं तरी धडधडतं, सगळं ताणावर ढकलू नका.
ताणाचं म्हणाल, तर कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं : कामाचा रेटा मोठा आणि ते कसं, केव्हा करायचं हे आपल्या हाती थोडं, तिथं माणूस जास्त पिचतो. रेंज तुमच्या हाती नाही, वेचणीची वेळ नाही, जाब मात्र तुम्हालाच. शरीर मग सतत सावध राहतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक नको तेव्हा वाढतं, झोप तुटते, चिडचिड होते. अशा कामानं येणाऱ्या थकव्याची जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट' म्हणून नोंद घेतली. ती त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणते. झोप अशीच तुटत राहिली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

वावरातली ताई:
हिमोग्लोबिन ८.६ निघालं, गोळ्या सुरू केल्या. सात जणी सह्या द्यायला तयार आहेत, आठवी घाबरते, तिच्या घरी उद्या जाते. वहीत पहिली नोंद केली : सकाळी ७.२०, नाल्याकाठचं वावर, रेंज नाही.