हार्थस्टोन: डायमंड 5 वर अडकलो आहे, ॲग्रो हंटर बांधावा की कंट्रोल वॉरियर?

दश्शी:

नमस्कार. मी हार्थस्टोन हा पत्त्यांचा ऑनलाइन खेळ स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या संचांची पाने चालणाऱ्या प्रकारात) रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठी, खेळतो आणि गेले दोन महिने डायमंड 5 च्या पुढे, सर्वांत वरच्या लेजंड श्रेणीकडे, सरकलेलो नाही. तिथपर्यंत सलग डाव जिंकल्यावर मिळणारा जादा तारा हात देतो. तिथून पुढे तो बंद होतो आणि माझी गाडी जागच्या जागी फिरत राहते. या दोन महिन्यांत मी पाच डेक (खेळायला निवडलेल्या पानांच्या गड्ड्या) बदलले. प्रत्येक वेळी लेजंडला पोहोचलेल्या कोणाची तरी यादी जशीच्या तशी उतरवून घेतली, वीसेक डाव खेळलो, त्यांतले आठ-नऊ जिंकलो आणि डेकमध्येच काही दम नाही असे ठरवून पुढच्या डेककडे वळलो.

सध्या माझ्याकडे 5600 डस्ट (नवी पाने बनवायला लागणारे खेळातले चलन) जमली आहे. कंट्रोल (बचाव करत डाव लांबवणारा) वॉरियर पुरा करायला तीन लेजंडरी आणि दोन एपिक (दोन्ही दुर्मिळ, महाग पाने) लागतात, म्हणजे शिल्लक शून्य. ॲग्रो (झटपट चढाई करणाऱ्या) हंटरला एक लेजंडरी आणि चार एपिक पुरतात, म्हणजे 3200. खेळायला दिवसाकाठी सुमारे 40 मिनिटे मिळतात. मनाचा ओढा कंट्रोलकडे आहे, कारण ॲग्रोमध्ये समोरच्या हीरोवर (प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य पात्रावर) तुटून पडण्यापलीकडे विचार करण्यासारखे फारसे नसते अशी माझी समजूत आहे. ती चुकीची असल्यास अवश्य सांगावे. यांपैकी काय बांधावे, आणि दुसऱ्याच्या हातात जिंकणारी यादी माझ्या हातात का हरते, या दोन गोष्टींवर अनुभवी खेळाडूंचे मत हवे आहे.

हिशेबी:

आधी त्या वीस डावांविषयी. ज्या डेकने निम्मे डाव जिंकावेत, त्याच डेकने 20 पैकी 8 किंवा त्याहून कमी डाव जिंकण्याची शक्यता सुमारे 25 टक्के असते, आणि 12 किंवा त्याहून जास्त जिंकण्याची शक्यताही तेवढीच. त्यामुळे वीस डावांवरून तुम्ही ज्या पाच डेकांना नापास केले, त्यांतले एखाद-दोन तरी पूर्णपणे निर्दोष असणार. शिवाय पहिले वीस डाव हे डेक हाताला बसण्याचेच असतात, त्यांवरून निकाल लावणे म्हणजे गाडी शिकताना गाडीलाच दोष देण्यासारखे आहे.

आता वेळ. डायमंड 5 पासून लेजंडपर्यंत साधारण 15 तारे निव्वळ कमवावे लागतात. एक विजय म्हणजे अधिक एक, एक पराभव म्हणजे उणे एक. विन रेट (जिंकण्याचे प्रमाण) 55 टक्के असेल तर शंभर डावांत 10 तारे हाती राहतात, म्हणजे सुमारे 150 डाव हवेत. तो 53 टक्क्यांवर आला की तोच आकडा 250 होतो. दोनच टक्क्यांनी शंभर डाव वाढतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. माझ्या अनुभवात ॲग्रोचा डाव सातेक मिनिटांत निकाली निघतो आणि कंट्रोलचा पंधरा मिनिटे तरी चालतो. तुमच्या 40 मिनिटांत 55 टक्के धरून ॲग्रोने हे अंतर 26-27 दिवसांत कापले जाईल. कंट्रोलला त्यासाठी 56 दिवस लागतील, आणि मधेच महिना संपून रँक खाली येईल. विन रेट तोच राहिला तरी कॅलेंडर तुमच्या विरोधात आहे.

डस्टचे म्हणाल, तर 1600 खर्चून बनवलेली लेजंडरी मोडली की 400 परत मिळतात, आणि 400 ची एपिक मोडली की 100. पान नर्फ झाले (खेळाच्या कर्त्यांनी कमजोर केले) तर काही दिवस पूर्ण किंमत परत मिळते, पण त्या आशेवर डेक बांधू नये. दरवर्षी जुने संच स्टँडर्डमधून बाहेर पडतात, तेव्हा तुम्हाला हव्या असलेल्या तीन लेजंडरींपैकी किती येत्या फेऱ्यात जाणार आहेत हे बनवण्याआधी पाहून घ्या. सगळी पुंजी एकाच डेकमध्ये ओतली आणि पुढच्याच पॅचने (खेळातल्या बदलाने) मेटा, म्हणजे कोणते डेक चालतात ते चित्र, फिरवला, तर पुन्हा जमवाजमव होईपर्यंत दुसऱ्यांचे डाव बघत बसावे लागेल. माझे मत हंटर बांधावा आणि 2400 राखून ठेवावेत.

संथ वाघ:

हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: दोन्ही डेकांवर तुमचा विन रेट सारखाच राहील. ज्याला सलग दीडशे डाव हंटर खेळायचा कंटाळा येईल, त्याचा विन रेट शंभराव्या डावाला तोच राहत नाही. मी चार वर्षे कंट्रोलच खेळत आलो आहे, आणि लेजंडला उशिरा पोहोचतो याचे मला वैषम्य नाही. तरीही तुम्ही कंट्रोल ज्या कारणासाठी निवडू पाहता, ते कारण मला पटलेले नाही.

डेकची धाटणी कपाळावर कोरलेली नसते. मॅजिक हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये 1999 पासून एक प्रश्न रूढ आहे: या डावात चढाई कोणी करायची आणि बचाव कोणी? याचे उत्तर डेकच्या नावात सापडत नाही, समोर कोण आहे त्यावरून ते ठरते. दोन कंट्रोल डेक समोरासमोर आले, तर त्यांतल्या एकाला चढाई करावीच लागते, आणि ज्याला ही गोष्ट उशिरा कळते तो हरतो. एक उदाहरण देतो. मी वॉरियर, समोर वॉरलॉक. वॉरलॉकची हीरो पॉवर (वर्गाची ठरलेली खास चाल) दोन मॅना (चाली खेळायला लागणारी ऊर्जा) आणि दोन हेल्थ घेऊन एक पान देते. त्याने ती चार वेळा वापरली, तेव्हा त्याची गड्डी माझ्यापेक्षा चार पानांनी पातळ झाली. गड्डी संपल्यावर रिकाम्या ओढीला आधी 1, मग 2, मग 3 असा वाढता मार बसतो. सात ओढींत 28 होतात आणि आठवीला 30 हेल्थचा भरलेला हीरोसुद्धा मरतो. म्हणजे काळ माझ्या बाजूचा होता. मला फक्त चिलखत चढवत बसायचे होते, आणि घाई त्याला करायला हवी होती. त्याने ती केली नाही. माझ्याइतकाच शांत बसून राहिला आणि गड्डी संपवून मेला. पण त्याच्याकडे एखादा जुळणीचा कॉम्बो असता, जो दहाव्या मॅनाला मला एका फटक्यात संपवू शकतो, तर शांत बसणे ही माझी चूक ठरली असती, आणि मला वॉरियर घेऊनही पाचव्या-सहाव्या टर्नपासून चेहऱ्यावर, म्हणजे थेट हीरोवर, मारा करावा लागला असता.

यादी तुमच्या हातात का हरते, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे. यादीत तीस पाने उतरतात. कोणत्या डावात कोणती भूमिका घ्यायची हे तीत लिहिलेले नसते. त्यातही सर्वांत जास्त डाव मलिगनमध्ये (सुरुवातीला हातातली पाने बदलून घेताना) जातात. ॲग्रोसमोर कंट्रोल घेऊन बसलेला नवखा खेळाडू हातात आलेली आठ मॅनाची लेजंडरी मोह आवरता न आल्याने ठेवून घेतो आणि चौथ्या टर्नला अर्धमेला होतो.

दुर्री-तिर्री:

‘ॲग्रोमध्ये डोके चालवायला नसते’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे, आणि तो एकाच टर्नचा हिशेब मांडून नोंदवतो.

मी ॲग्रो हंटर, समोर कंट्रोल वॉरियर. मी दुसऱ्या क्रमांकाने खेळत असल्यामुळे माझ्या चौथ्या टर्ननंतर त्याचा पाचवा टर्न येणार, आणि पाच मॅनाला त्याच्याकडे ‘ब्रॉल’ असण्याची दाट शक्यता. ते पान पडले की टेबलावरच्या सगळ्या मिनियनांतला (पानांतून उतरवलेल्या लढवय्यांतला) कोणता तरी एकच जिवंत राहतो. त्याची हेल्थ 20, त्याच्या बाजूला एकही मिनियन नाही. माझे तीन मिनियन मिळून 7 मारतात. हातात एकच पान, तीन मॅनाचा आणि 3 मार असलेला मिनियन. चार मॅना आहेत. हात शिवशिवतो, पान टाकावेसे वाटते.

पान टाकले तर या टर्नला फक्त 7 चा मार, तो 13 वर. त्याच्याकडे ब्रॉल नसेल तर हीरो पॉवरने 2 चिलखत चढवून 15 होईल. पुढच्या टर्नला चार मिनियनांचे 10 आणि माझ्या हीरो पॉवरचे 2 मिळून तो 3 वर येईल. आता दुसरी वाट. पान हातातच ठेवले आणि हीरो पॉवर वापरली, तर तो 20 वरून 11 वर येतो, चिलखताने 13, पुढच्या टर्नला 7 आणि 2 मारून तो 4 वर, आणि उरलेल्या तीन मॅनात तो मिनियन तेव्हा टाकता येतो. दोन्ही वाटांनी, मधे त्याने दुसरे काही केले नाही तर, तो सहाव्या टर्नलाच मरतो. म्हणजे चौथा मिनियन आत्ता टाकून विजय एका टर्ननेही जवळ येत नाही. उलट ब्रॉल पडलाच, तर पहिल्या वाटेने माझा एक मिनियन उरतो, समोर 13 आणि हातात फक्त गड्डीतून येणारे पान. दुसऱ्या वाटेने एक मिनियन उरतो, समोर 11, आणि टाकायला एक पान तयार. दोन मॅना वाया गेल्याचे वाईट वाटते, पण चाल तीच बरोबर. वॉरियरऐवजी ब्रॉलसारखे पानच नसलेला वर्ग समोर असता, तर मी बेलाशक पान टाकले असते.

ॲग्रोमध्ये असे हिशेब प्रत्येक टर्नला करावे लागतात, आणि चूक दुरुस्त करायला कंट्रोलसारखे दहा टर्न मिळत नाहीत.

मलिगनबद्दल थोडी भर घालतो. पहिल्या क्रमांकाने खेळताना तिन्ही पाने बदलली तर एकूण सहा पाने नजरेखालून जातात, कारण टाकलेली पाने नवी आल्यावरच गड्डीत परततात. दोन प्रती असलेले एखादे ठरावीक पान त्या सहांत दिसण्याची शक्यता 37 टक्केच आहे, पण डेकमध्ये एक मॅनाचे आठ मिनियन असतील तर त्यांतला किमान एक दिसण्याची शक्यता 87 टक्के. ॲग्रोची खरी ताकद या सातत्यात आहे. म्हणून चार मॅनाचे पान कितीही आवडते असले, तरी पहिल्या हातात एक मॅनाचा मिनियन नसेल तर ते परत करा.

दश्शी:

तिघांचेही आभार. वॉरियरच्या तीन लेजंडरींपैकी दोन येत्या फेऱ्यात जाणार आहेत असे तपासल्यावर दिसले, त्यामुळे डस्टचा प्रश्न मिटला; हंटर बांधतो. दुर्री-तिर्री यांचा टर्न वाचताना ओशाळलो, कारण मी तिथे चौथा मिनियन टाकलाच असता आणि वर ब्रॉल पडल्यावर नशिबाला बोल लावला असता.

एक शंका राहते. दुसऱ्या क्रमांकाने खेळताना मिळणारे कॉइन (एका टर्नपुरता एक जादा मॅना देणारे पान) पहिल्याच टर्नला वापरून दोन मॅनाचा मिनियन उतरवावा, की ते राखून ठेवावे?

दुर्री-तिर्री:

हातात एक मॅनाचा मिनियन असेल तर पहिल्या टर्नला तोच टाका, आणि दुसऱ्या टर्नला कॉइन लावून तीन मॅनाचे पान उतरवा. एक मॅनाचे काहीच नसेल आणि दोन मॅनाचे दोन मिनियन असतील, तर पहिल्याच टर्नला कॉइन खर्च करा, कारण दुसऱ्या टर्नलाही टाकायला पान उरते. दोन मॅनाचा एकच असेल तर मी थांबतो. एरवी दुसरा टर्न रिकामा जाईल. समोर वॉरियर असेल तर कॉइन चौथ्या टर्नपर्यंत टिकवण्याचा मोह मात्र धरू नका, तोपर्यंत त्याचे चिलखत चढलेले असते.

संथ वाघ:

आणि शंभर डाव झाल्याशिवाय डेक बदलू नका. जिंकले-हरले याबरोबर समोरचा वर्ग आणि कोण आधी खेळले एवढे एका वहीत लिहून ठेवा. शंभराव्या डावाला विन रेट 48 टक्के निघाला आणि त्यातले बहुतेक पराभव एकाच वर्गाकडून असतील, तर यादीतली दोन पाने बदलून भागते. सगळ्याच वर्गांकडून असतील तर वही घेऊन परत या, पाने आपण मिळून पाहू.