मदत हवी आहे: बालसंगोपन रजा आत्ता घेऊ की दहावीला?

केंद्र सरकारी नोकरी. लेक साडेपाच महिन्यांची, 180 दिवसांची प्रसूती रजा संपत आलीय. बालसंगोपन रजा 730 दिवसांची, त्यातले पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 80 टक्क्यांवर. ऑफिसातल्या सगळ्याजणी म्हणतात, "दहावीला राखून ठेव गं!" सासूबाई सांभाळायला तयार आहेत, पण लेक आत्ताच सरपटत पलंगाखाली शिरते आणि त्यांचे गुडघे... असो. पाळणाघर नको आहे.

थोडं वाचलंय. नॉर्वेत 1977 ला रजा वाढली, त्या मुलांची शाळागळती घटली. नंतर तिथे आणि जर्मनीत रजा आणखी वाढवली, तेव्हा शिक्षणात विशेष फरक दिसला नाही. पण आपल्याकडे घरात आजी असते!

सहा महिन्यांनंतरचं वर्ष आईऐवजी आजीजवळ गेलं, तर मुलांच्या पुढच्या शिक्षणावर परिणाम होतो का? भारतातला एखादा अभ्यास कुणाला माहीत आहे का?