सुदानचं युद्ध कोणाच्या दाणागोट्यावर चाललंय?

मृगनक्षत्र:

१५ एप्रिल २०२३ला खार्तूममध्ये लढाई पेटली तेव्हा ते दोन सेनापतींचं भांडण होतं. लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुरहान आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफचे मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेती. ऑक्टोबर २०२१मध्ये याच दोघांनी मिळून सत्तेचा नागरी हिस्सा मोडून काढला होता. पुढे आरएसएफ लष्करात कधी विलीन करायची आणि हुकूम कोणाचा चालायचा, यावरून दोघांचं बिनसलं. त्यापायी एक कोटीहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं आहे.

माझं मत: बाहेरच्यांनी पुरवठा तोडला असता तर हे युद्ध एवढं लांबलंच नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने जानेवारी २०२४च्या अहवालात नोंदवलं की चाडमधल्या अमजरास विमानतळावरून यूएई आरएसएफला शस्त्रं पोचवतं, हे आरोप विश्वासार्ह वाटतात. यूएई कानावर हात ठेवतं. तिथे आमचं रुग्णालय आहे, विमानं मदत घेऊन जातात, असं सांगतं. पण मे २०२५मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने युद्धातल्या छायाचित्रांवरून आणि चित्रफितींवरून चिनी बनावटीची एएच-४ तोफ ओळखली. उपलब्ध नोंदींप्रमाणे ही तोफ चीनकडून घेणारा देश एकच, यूएई.

लष्कराकडेही बाहेरचा माल आहेच. इराणची मोहाजेर-६ ड्रोन, तुर्कस्तानची बायराक्तार, पाठीशी इजिप्त. रशियाची वॅग्नर ही भाडोत्री सैनिकांची टोळी आधी हेमेतीच्या सोन्याच्या धंद्यात होती. मग पोर्ट सुदानला नौदलाचा तळ मिळेल म्हणून मॉस्को लष्कराकडे सरकलं. १८ नोव्हेंबर २०२४ला सुरक्षा परिषदेत नागरिकांच्या संरक्षणाचा ठराव आला, १४ देश बाजूने होते, रशियाने एकट्याने नकाराधिकार वापरून तो पाडला.

याची किंमत पश्चिम सुदानच्या दारफुर भागातल्या अल-फाशिर शहराने मोजली. पाचशेहून जास्त दिवस वेढा. शहराभोवती आरएसएफने मातीचा उंच बांध घातला, बाहेर पडायच्या वाटा बंद केल्या. आत धान्य संपलं तेव्हा लोक शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड खाऊन राहिले. तिकडे तिला अंबाझ म्हणतात, ती गुराढोरांपुढे टाकायची वस्तू. पुढे तीही मिळेनाशी झाली. २६ ऑक्टोबर २०२५ला शहर पडलं आणि कत्तल सुरू झाली. ज्यांनी शस्त्रं पाठवली त्यांना या पेंडीचा हिशेब कधीतरी द्यावा लागला पाहिजे.

कातळ:

वेदना समजते, पण मांडणी पटली नाही. तुमच्या लेखात सुदानी सेनापती फक्त माल उतरवून घेतात. ठरवणारे सगळे अबूधाबी, तेहरान, मॉस्कोत बसलेले. प्रत्यक्षात उलट आहे.

आरएसएफ कुणी परक्याने जन्माला घातली नाही. २००३मध्ये दारफुरमध्ये बंड झालं, ते चिरडायला ओमर अल-बशीरच्या राजवटीने जंजावीद टोळ्या मोकळ्या सोडल्या. २०१३मध्ये त्यांतल्याच एका मोठ्या भागाला गणवेश चढवून आरएसएफ हे नाव दिलं. लष्कराला स्वतःचा घाम न गाळता मारेकरी हवे होते, ते त्यांनी पाळले. २०१५नंतर येमेनच्या युद्धात सौदी आणि यूएईच्या बाजूने सुदानी सैनिक गेले, त्यात हेमेतीची माणसं होती आणि त्या मोहिमेचं काम बुरहान स्वतः बघत होते. दोघांची आखाती ओळख तिथे पक्की झाली. २०१७मध्ये हेमेतीने जबल आमीरच्या सोन्याच्या खाणी आपल्याच जुन्या सहकाऱ्याकडून, मुसा हिलालकडून काढून घेतल्या. ज्याच्याकडे सैनिकही आहेत आणि सोनंही, तो बाहुलं नसतो. तो गिऱ्हाईक शोधत बसतो आणि त्याला ते मिळतं.

पश्चिम दारफुरमधलं अल-जनीना शहर आठवा. १४ जून २०२३ला पश्चिम दारफुरचे राज्यपाल खमीस अबकर यांनी टीव्हीवर सांगितलं की इथे नागरिकांना मारलं जातंय, वाचवा. काही तासांत त्यांना पकडून ठार केलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजाने त्या एका शहरात १०,००० ते १५,००० माणसं मेली, बहुतेक मसालित या बिगर-अरब जमातीची. जमिनीचा आणि वंशाचा तो वैरभाव वीस वर्षं जुना होता. तो अमजरासच्या विमानातून उतरला नव्हता.

मृगनक्षत्र:

वैर आतलं आहे, मान्यच आहे. पण वैराने शहराला पाचशे दिवस वेढा घालता येत नाही. त्याला इंधन लागतं, पगार लागतात, तोफगोळे लागतात. दारफुरवर २००४पासून शस्त्रबंदी आहे. तरी हे सगळं तिथे पोचलं. कोणीतरी पोचवलं म्हणूनच ना?

अनामिका:

दोन्ही बाजूंना एका तागडीत घालणं मला मुळातच चुकीचं वाटतं.

सुदानचं लष्कर कितीही वाईट असलं तरी संयुक्त राष्ट्रांत देशाची जागा त्या सरकारकडे आहे. सरकारने दुसऱ्या देशाकडून ड्रोन विकत घेणं आणि एखाद्या देशाने शेजारच्या वाळवंटातून टोळीला गुपचूप तोफा देणं हा एकच गुन्हा नाही. शिवाय शस्त्रबंदी दारफुरपुरती आहे, उरलेल्या देशाला लागू नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने वंशसंहाराचा ठपका ठेवला तो आरएसएफवर. "सगळे बाहेरचे सारखेच" म्हटलं की सगळ्यात मोठा पुरवठादार गर्दीत लपतो आणि त्याला तेच हवं असतं.

सुदान मार्च २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. यूएई वंशसंहारात सामील आहे, अशी तक्रार होती. ५ मेला खटला निकाली निघाला, पण आरोप खरा की खोटा हे न्यायालयाने पाहिलंच नाही. वंशसंहार करारात सामील होताना यूएईने नवव्या कलमाला हरकत नोंदवली होती, त्यामुळे आम्हाला अधिकारक्षेत्र नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. एवढ्या मोठ्या आरोपाची सुनावणीही होऊ नये, याचा मला मनापासून संताप येतो.

कातळ:

अनामिका, कायदेशीर सरकार हा शब्द बुरहान यांना लावताना जरा थांबा. २०२१मध्ये नागरी सरकार बंदुकीच्या जोरावर घालवणारे तेच. मार्च २०२५मध्ये उत्तर दारफुरमधल्या तोरा गावच्या आठवडी बाजारावर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले, बाजाराला आलेली माणसं जळून मेली. आरएसएफवर ठपका ठेवणाऱ्या अमेरिकेने त्याच जानेवारी २०२५मध्ये बुरहान यांच्यावरही निर्बंध घातले. आरएसएफचे अपराध जास्त भीषण आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यामुळे इराणी ड्रोन शुद्ध होत नाहीत.

तिफण:

पुरवठा तुटला की युद्ध थांबतं का, हा प्रश्न आफ्रिकेत याआधी दोनदा तपासून झाला आहे आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

मोझांबिकमध्ये रेनामो ही बंडखोर संघटना आधी ऱ्होडेशियाने उभी केली, मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसली. तिच्याकडे विकण्यासारखं फार काही नव्हतं. पाठीराखे मागे हटले, त्यात मोठा दुष्काळ पडला, आणि १९९२मध्ये रोममध्ये शांतता करार झाला. तो बऱ्यापैकी टिकला.

अंगोलात डिसेंबर १९८८मध्ये न्यूयॉर्कला करार झाला, सरकारच्या मदतीला आलेलं क्यूबाचं सैन्य परत जायचं ठरलं, बंडखोरांची पाठराखीण दक्षिण आफ्रिकाही बाजूला झाली. शीतयुद्धही संपलं. तरी युद्ध फेब्रुवारी २००२पर्यंत चाललं, बंडखोर नेता जोनास साविंबी मारला गेला तेव्हाच थांबलं. कारण त्याच्या युनिटा या संघटनेकडे हिरे होते. १९९८मध्ये सुरक्षा परिषदेने त्या हिऱ्यांवर बंदी घातली, पण तोवर दशक गेलं होतं. सरकारकडे तेल, बंडखोरांकडे हिरे. दोघांनाही कुणापुढे हात पसरायची गरज उरली नव्हती.

सुदान अंगोलाच्या जातीचं आहे. हेमेतीकडे दारफुरचं सोनं, लष्कराकडे उत्तर आणि पूर्वेकडच्या खाणी. म्हणून मृगनक्षत्र, शस्त्रांची विमानं उद्या थांबली तरी मला युद्ध थांबेल असं वाटत नाही. सोन्याच्या पैशातून दुसरीकडून शस्त्रं येतील. कातळ म्हणतात तसं गिऱ्हाईक शोधलं जाईल.

मृगनक्षत्र:

तिफण, दाखला चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूला येतो. सोनं खाता येत नाही. ते कोणीतरी विकत घ्यावं लागतं, आणि सुदानचं सोनं मुख्यतः एकाच बाजारात जातं, दुबईत. २०२४मध्ये लष्करी सरकार सुरक्षा परिषदेत यूएईविरुद्ध तक्रार करत होतं आणि त्याच वर्षी त्याची बहुतांश अधिकृत सोनेनिर्यात यूएईलाच होत होती. हेमेतीचं सोनं चोरवाटांनी तिकडेच वळतं. एक देश दोन्ही बाजूंचं सोनं घेतो आणि वर १२ सप्टेंबर २०२५ला अमेरिका, सौदी, इजिप्तसोबत बसून "लष्करी तोडगा नाही, तीन महिने शस्त्रसंधी करा" असं निवेदनही काढतो. दबाव तिथे टाकायला हवा. हिऱ्यांसाठी २००३मध्ये उगमाचा दाखला मागणारी किंबर्ली व्यवस्था आली, सोन्यासाठी तशी सक्ती का नको?

कातळ:

कारण सोनं वितळतं. हिऱ्याचा निदान दगड म्हणून माग लागतो, सोनं दुसऱ्या सोन्यात मिसळलं की ओळख गेली. आणि सुदानमधलं बहुतेक सोनं मोठ्या कंपन्या काढत नाहीत. उघड्या हातांनी पारा वापरून माती धुणारी लाखो माणसं ते काढतात. सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांना बसेल. सेनापती तस्करीचा दर वाढवून घेतील.

अनामिका:

"बाहेरच्यांनी हात काढून घ्या" हे सरसकट म्हणायला मला भीती वाटते. सुदानमध्ये आपत्कालीन प्रतिसाद कक्ष नावाने मोहल्ल्यामोहल्ल्यांतली तरुण मुलंमुली काम करतात. २०१९मध्ये बशीरविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या पिढीतलीच ही मंडळी. ती तकाया चालवतात, म्हणजे सार्वजनिक स्वयंपाकघर, मोठ्या पातेल्यात डाळ किंवा फवा हे कडधान्य शिजवून रांगेतल्यांच्या भांड्यांत वाढायचं. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. तोफांचा ओघ चालू राहिला, जेवणाचा आटला.

तिफण:

हो, आणि सौदीतल्या जेद्दाला झालेल्या पहिल्या बोलण्यांपासून आजवर वाटाघाटींना बोलावणं गेलं ते बहुतेक बंदूकवाल्यांनाच. कातळ, सरसकट बंदी मीही मागत नाही. पण दुबईतल्या शुद्धीकरण कारखान्याला "हा माल कुठल्या खाणीतला, पैसे कोणाला दिले" हे सिद्ध करायला लावणं आणि शस्त्रबंदी दारफुरपुरती न ठेवता संपूर्ण सुदानला लावणं, या दोन गोष्टींनी माती धुणाऱ्याचं काय बिघडतं?

कातळ:

दुसरीला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त ती सुरक्षा परिषदेत जाणार आणि तिथे रशिया बसलाय. पहिलीत माती धुणाऱ्याला लेखी पुरावा कोण देणार, हे सांगा. जिथे तो खणतो तिथे शिक्का मारणारा माणूस आरएसएफचाच असतो.